वर्तमानपत्राचे मागचे पान

(येथील सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेत आम्ही केलेले भाषण. बाजारचा दिवस असल्यामुळे ज्यांना येता आले नाही, त्यांच्या मागणीवरून ते येथे देत आहोत.)



आजच्या भाषणाचा विषय आपण बाहेरच्या फळ्यावर वाचलाच असेल : 'गावगन्ना वर्तमानपत्रांतील जुन्या छोट्या जाहिराती'. तो वाचून दोघे-तिघे दारातूनच परत फिरले, हे आम्ही या खुर्चीवरून पाहिले. आमच्या एका स्नेह्याने तर तोंडावर विचारले, "अहो, दोन वर्षे तुम्ही वाचनालयाच्या माळ्यावर धूळ खात बसलात, जुन्या साप्ताहिकांच्या फायली उलगडल्यात, मग एखाद्या अग्रलेखावर बोला, एखाद्या थोर पुरुषावर बोला. 'पाहिजे आहे' नि 'हरवले आहे' यावर माणूस तासभर बोलणार तरी काय?"

त्यांस आमचे उत्तर असे की, अग्रलेख एका माणसाने लिहिलेला असतो. आपण जगाला कसे दिसावे हे त्याला नीट ठाऊक असते व तो तसाच लिहितो. मागच्या पानावरच्या चार-चार ओळींच्या जाहिराती मात्र गावातल्या शंभर माणसांनी, पदरचे आणे मोजून, आपल्या गरजेपोटी लिहिलेल्या असतात. पैसे मोजून लिहिणारा मनुष्य फार अलंकार वापरत नाही. ओळीगणिक पैसे पडत असल्यावर तर नाहीच नाही! म्हणून गाव कसे होते हे जाणायचे असेल, तर मागचे पान आधी वाचावे. ही सवय आमच्या वडिलांची. वर्तमानपत्र हाती आले की ते उलटे धरत व शेवटच्या पानापासून पुढे येत. लोक हसत. त्या सवयीचे कारण आम्हांला फार उशिरा कळले. ते पुढे सांगूच.

आधी हे वर्तमानपत्र म्हणजे काय चीज होती ते सांगतो, कारण आजच्या तरुणांना ते डोळ्यांपुढे येणे कठीण आहे. सुमारे १८८० पासून १९४७ पर्यंत आमच्या सातारा जिल्ह्यात काय, नगर-सोलापुराकडे काय, जिल्ह्याच्या व मोठ्या तालुक्यांच्या गावी एखाददुसरे मराठी साप्ताहिक निघत असे. पाने चार, फार तर आठ. मालक, संपादक, बातमीदार, मुद्रिते तपासणारा व वर्गणीसाठी तगादा करणारा, हे सगळे पुष्कळदा एकच गृहस्थ. त्यांचा छापखाना पत्राच्या जिवावर चालत नसे. पत्र छापखान्याच्या जिवावर चाले. आठवड्यातले पाच दिवस लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, वकिलांचे फॉर्म छापायचे आणि उरल्या वेळात पत्राचे खिळे जुळवायचे. (हे खिळे बहुधा मुंबईहून येत. आणि मराठी अक्षराला देखणे वळण देणारे जावजी दादाजी, ज्यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, ते लहानपणी छापखान्यात टाइप घासण्याच्या कामापासून वर आले होते, हे आमच्या मुलांना कोणी शाळेत सांगत नाही. असो.)

वर्गणीदार थोडे, त्यांतले निम्मे थकबाकीदार. मग पत्र जगे कशावर? जाहिरातींवर. यात कमीपणा काही नाही. हिंदुस्थानातले पहिले छापील वर्तमानपत्र हिकीसाहेबाने १७८० साली कलकत्त्यास काढले, तेव्हा त्याने नावातच 'जनरल ॲडव्हर्टायझर' असे शब्द घातले होते. लंडनच्या 'टाइम्स'सारख्या मातब्बर पत्राच्या पहिल्या पानावर १९६६ सालापर्यंत बातमी नसे; छोट्या जाहिरातीच असत. आमच्याकडे त्यांची जागा बहुधा मागच्या पानावर. ओळीवर किंवा इंचावर दर. मधे नुसती एक बारीक रेघ. त्या रेघेच्या वर कोणाची म्हैस हरवलेली, आणि खाली कोणाची अब्रू.

हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती आम्ही सोडून देतो. म्हशीच्या शिंगांची व कपाळावरच्या चांद्याची वर्णने त्यांत इतकी बारकाईने येत, की तेवढी त्याच पत्रात वधूंची येत नसत, एवढेच सांगून पुढे जातो.

घरांच्या जाहिराती पहा. 'भाड्याने देणे आहे : चार खण, माडी, आड, परसू', आणि शेवटी ठरलेली ओळ, 'ब्राह्मणांसच मिळेल'. खाणावळीची जाहिरात असली की 'शुद्ध ब्राह्मणी'. स्वयंपाक्याची गरज असली की जात आधी, हाताची चव मागाहून. या ओळी कोणी दुष्टाव्याने लिहिल्या असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी लिहिल्या त्यांना त्यांत लिहिण्यासारखे काही वाटलेच नाही. घराला आड आहे हे जसे सांगायचे, तसेच हेही. पण आमचा एखादा पोर खेड्यातून इंग्रजी शाळेसाठी तालुक्याला आला, आणि खोलीच्या शोधात त्याने हे पान वाचले, तर गाव आपल्याला कोठे उभे करते ते त्याला चार ओळींत कळे. अग्रलेखात त्याच आठवड्याला 'शिक्षणाचा प्रसार' हा विषय असला तरी! बोर्डिंगे का निघाली, शाहू छत्रपतींनी कोल्हापुरास १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे का उभी केली, याचे कारण पुष्कळ ग्रंथांत दिलेले आहे; मागच्या पानावर ते दर आठवड्याला फुकट मिळे.

आता घरगुती नोटिसा. यांचा एक ठराविक साचा असे. बाप कळवतो की, मुलगा अमुक हा आमच्या सांगण्याबाहेर असून विभक्त आहे, त्याच्याशी कोणी देवघेव करू नये, केल्यास आम्ही जबाबदार नाही. नवरा कळवतो की, बायको आपल्या मर्जीविरुद्ध माहेरी राहते, तिला कोणी उधार देऊ नये व घरात ठेवून घेऊ नये. कायद्याने पाहिले तर यांतल्या पुष्कळ नोटिसांनी काडीचाही फरक पडत नसे. जाणत्या मुलाने स्वतःच्या चैनीसाठी केलेल्या कर्जाला बाप तसाही बांधलेला नव्हता. पण नोटीस कायद्यासाठी थोडीच असे? ती भावकीसाठी असे. जे भांडण ओसरीवर मिटले असते, ते आठ आणे-रुपया देऊन चव्हाट्यावर आणण्याची ही नवी सोय होती. छापील अक्षराला मान होता, म्हणून छापील रागालाही मान.

या साच्याच्या नोटिसा आम्ही एका फायलीत किती वाचल्या याची मोजदाद ठेवली नाही. बाईने आपल्या नावाने दिलेली मात्र एकच सापडली, म्हणून ती लक्षात राहिली. तीत तिने कळवले होते की, अंगावरचे व पेटीतले दागिने आपले माहेरचे स्त्रीधन आहे, ते नवऱ्याकडून कोणी विकत किंवा गहाण घेऊ नयेत, घेतल्यास पैसा बुडेल. सहा ओळी. खाली सही नाही, 'निशाणी बांगडी' आहे. जिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिला छापखान्याचा जिना चढायचे सुचले कसे आणि लिहून कोणी दिले, हे काही कळायला मार्ग नाही. पुढच्या आठवड्याला नवऱ्याची उलट नोटीस असेल म्हणून आम्ही अधीरपणे पान उलटले. नव्हती!

औषधांच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत सुरू केली, आणि माल पाठवून दारात पैसे वसूल करण्याची सोय झाल्याबरोबर धातुपुष्टीच्या गोळ्या, वशीकरणाच्या अंगठ्या, आठ दिवसांत गोरे करणारे साबण यांचा मागच्या पानावर सुकाळ झाला. यांत प्रामाणिक मालही होता. १८९३ साली निघालेल्या अमृतांजनाच्या पैशातून त्याच्या मालकांनी, काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी, १९०८ साली 'आंध्रपत्रिका' हे तेलुगू वर्तमानपत्र काढले. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर खेड्यांत पोचला, त्यात जाहिरातीचा वाटा थोडा नव्हता. १९२० साली सुरू झालेली त्यांची 'खबर' मुळात कारखान्याच्या मालाचीच खबर देई. पण अंगठ्या-ताइतांचे काय? पहिल्या पानावर भोंदूगिरीवर आसूड आणि मागच्या पानावर भोंदूबाबाचे रुपये, हा प्रकार सगळ्या पक्षांच्या पत्रांत चाले. आमच्या चळवळीची पत्रे यातून अगदी सोवळी राहिली असा दावा आम्ही करणार नाही. कागदवाल्याचे बिल आले म्हणजे भल्याभल्यांचे तत्त्वज्ञान पातळ होते. अशा औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ साली झाला. तोवर गोळ्या पुष्कळ विकल्या गेल्या होत्या.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला त्या जाहिरातीकडे वळतो. पत्राला खरा हमखास पैसा वशीकरणाच्या अंगठीतून मिळत नसे. तो मिळे कोर्टाच्या नोटिसांतून. त्यातही लिलावाच्या.

साचा सर्वांच्या ओळखीचा आहे. वर कोर्टाचे नाव, दरखास्तीचा नंबर. मग हुकूमनामेवाला अमुक, धंदा सावकारी, राहणार तालुक्याचे गाव. ऋणको तमुक, धंदा शेती, राहणार अमुक खेडे. तमाम लोकांस कळविण्यात येते की, खाली लिहिलेली स्थावर मिळकत अमुक तारखेस जाहीर लिलावाने विकली जाईल. खाली मिळकतीचे वर्णन : सर्व्हे नंबर, एकर, गुंठे, आकार रुपये-आणे-पै, आणि चतुःसीमा. पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस कोणाचा नंबर, उत्तरेस कोणाचा.

बंधूंनो, शेतकऱ्याचे नाव त्या काळी वर्तमानपत्रात केव्हा येत असे? तो मेला तर येत नसे. पीक चांगले आले तर येत नसे. मुलीचे लग्न झाले तर येत नसे. त्याचे संपूर्ण नाव, बापाच्या नावासकट व एक वेलांटी न चुकता, छापून येई ते या नोटिशीत. आणि ते त्याला वाचता येत नसे!

कायदा काय म्हणत होता तेही पहा. १९०८ च्या दिवाणी कायद्यातला एकविसावा हुकूम लिलावासंबंधीचा आहे. त्यात दवंडी पिटावी, जाहीरनामा मिळकतीवर व कोर्टात डकवावा असे सांगून पुढे म्हटले आहे की, कोर्टाने फर्मावल्यास तो सरकारी गॅझेटात किंवा स्थानिक वर्तमानपत्रातही छापावा, आणि त्या छपाईचा खर्च लिलावाच्या खर्चात धरावा. लिलावाचा खर्च म्हणजे शेवटी कोणाच्या डोक्यावर? ज्याची जमीन जायची त्याच्या! आपली जमीन जात असल्याची जाहिरात आपल्याच पैशाने, आपल्याला न वाचता येणाऱ्या कागदावर. आम्ही काही कायद्याची थट्टा करीत नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. लिलावाची खबर जितकी दूर जाईल तितके गिऱ्हाईक अधिक, बोली अधिक, म्हणजे ऋणकोच्या पदरात काही उरेल, असा त्यांचा हिशेब. विलायतेत तो बरोबरही असेल. पण जेथे पत्राचे वाचक म्हणजे वकील, कारकून, व्यापारी नि सावकार, सगळे एकाच बाजारपेठेतले, संध्याकाळी एकाच पारावर बसणारे, तेथे अशा खबरीने बोली चढते कशी? उलट कोणी कोणत्या नंबरावर बोलायचे आणि कोणी गप्प राहायचे, ते ठरवायला सवड मिळते.

१८७५ साली सुप्याला व आसपास दंगे झाले, त्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते, रोखे नि हुकूमनामे हुडकून जाळले, हे आपण जाणताच. कागद हाच आपला शत्रू आहे हे त्यांनी बरोबर ओळखले होते. त्यानंतर १८७९ साली जो कायदा झाला, त्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याची जमीन खास गहाण लिहून दिल्याखेरीज हुकूमनाम्यात विकता येऊ नये असे ठरवले. चांगली गोष्ट झाली. सावकार काय करणार? त्याने गहाण लिहून घेण्यास सुरुवात केली.

अशाच गहाणात आमच्या आजाने १९२० नंतरच्या एका दुष्काळी वर्षी ओढ्याकाठचा सात एकरांचा नंबर लिहून दिला होता. पुढे १९२९ नंतरची मंदी आली, गुळाचे भाव कोसळले, हप्ते तुंबले. सावकार कोण, गाव कोणते, हे आम्ही सांगणार नाही. त्या घरची आताची मुले आमच्या पोरांबरोबर एका बाकावर बसली आहेत, आणि त्यांनी आमचे काही घेतलेले नाही. १९३३ सालच्या एका सकाळी आजा बैल घेऊन शेतावर गेला, तो दुसऱ्याचे औत आधीच चालू. तेथे त्याला कळले की जमीन आपली राहिली नाही. आजी सांगत असे की गावात दवंडी कोणी ऐकली नव्हती. मधे एकदा एक शिपाई येऊन कागदावर अंगठा घेऊन गेला होता. तो तगाईचा कागद असावा असे आजाला वाटले. घरात ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आणि तीत थोडे मीठमसाला असेल असेही मनात म्हणत आलो.

दोन वर्षांपूर्वी माळ्यावर १९३३ ची फाईल हाती लागली. कसरीने मधली पाने चाळणीसारखी झालेली. मागचे पान मात्र धड. तेथे आजाचे नाव होते. आमच्या घरात त्याचा एकही फोटो नाही, सही नाही. छापलेले त्याचे नाव आम्ही आयुष्यात प्रथम तेथे पाहिले. पणजाच्या नावासकट, वेलांटी बरोबर. पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. आणि पश्चिमेस? पश्चिमेस हुकूमनामेवाल्याचाच नंबर. आमचा तुकडा मिळाला की त्याची जमीन थेट ओढ्याला भिडत होती. चतुःसीमेच्या एका ओळीत सगळा दावा लिहिलेला होता. हुकूमनामेवाल्याला कोर्टाच्या परवानगीवाचून स्वतः बोली करता येत नसे. लिलाव भाच्याच्या नावावर झाला, असे वडील सांगत. त्या नोटिशीवरची रेघ सोडली की वर पुण्याच्या एका केशवर्धक तेलाची जाहिरात आहे.

आता वडिलांच्या सवयीचे कारण सांगतो. वडील त्या साली साताऱ्यास एका बोर्डिंगात राहून शिकत होते. घरात अक्षरओळख असलेले ते एकटे. बोर्डिंगाच्या वाचनखोलीत हे साप्ताहिक येत असे. ते दर आठवड्याला ते वाचीत. अग्रलेख वाचीत, परदेशच्या बातम्या वाचीत, गांधी-आंबेडकरांच्या पुणे कराराच्या चर्चा चाललेल्या, त्या वाचीत. त्यांना जर्मनीत कोण प्रधान झाला ते ठाऊक होते. मागचे पान त्यांनी कधी वाचले नाही. जमीन गेल्याचे आजाने कोणाकडून तरी पोस्टकार्ड लिहवून कळवले, तेव्हा ते वाचनखोलीत गेले, मागचे अंक काढले, आणि त्यांना ती नोटीस दिसली. अंकाच्या कडेवर त्यांच्याच बोटाचा तेलकट डाग होता असे ते सांगत. त्यांचे हे बोलणे आम्ही एकदाच ऐकले, तेही त्यांच्या शेवटच्या दुखण्यात.

त्यांनी नोटीस वेळेवर वाचली असती तर काय झाले असते? काहीच झाले नसते, पैसा होता कोठे, असे आपण म्हणाल. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण कायदा उघडून पाहिला तेव्हा जीव चरकला. जमिनीचा जाहीरनामा कोर्टात डकवल्यापासून लिलावाला त्या वेळच्या कायद्याने निदान तीस दिवस जावे लागत. हातोडा पडण्यापूर्वी कर्जाची रक्कम व खर्च आणून भरला तर लिलाव थांबवावाच लागे. आणि लिलाव होऊन गेला तरीही तीस दिवसांच्या आत जाहीरनाम्यातली रक्कम, आणि खरेदीदारासाठी विक्रीच्या किमतीवर शेकडा पाच, एवढे कोर्टात भरले, तर विक्री रद्द होई. जाहीरनामा लावण्यात लबाडी झाली असेल व त्याने नुकसान झाले असेल, तर तेवढ्यावरूनही रद्द करून मागता येई. म्हणजे आजाच्या हातात जवळजवळ दोन महिने होते. आजीच्या गळ्यात डोरले होते, दावणीला चार बैल होते, मामाच्या गावी भावकी होती. सात एकरांतले चार विकून तीन राखता आले असते. दोन महिने त्या मागच्या पानावर पडून होते; ते कोणी उचलले नाहीत.

वडील शिक्षण अर्धे टाकून गावी आले. गावातल्या अकरा जणांत मिळून त्यांनी ते साप्ताहिक सुरू केले, वर्गणी आण्या-आण्याने. ज्या दिवशी टपाल येई त्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर ते मागचे पान मोठ्याने वाचीत. नाव, गाव, नंबर, तारीख. प्रथम लोक हसले. पुढे शेजारच्या दोन वाड्यांची माणसे कंदील घेऊन येऊ लागली. १९३६ साली एका विहिरीच्या नंबराची नोटीस अशीच पारावर वाचली गेली. ज्याचा नंबर तो तेथेच चिलीम ओढत बसला होता. त्याने दुसऱ्यांदा वाचायला सांगितले. लिलावाच्या दिवशी गावचे सहा लोक रोकड कमरेला बांधून कोर्टात हजर झाले. ती विहीर आजही त्याच घरात आहे. आमची गेलेली जमीन काही परत आली नाही, आणि वडिलांनी ती गोष्ट या विहिरीशी जोडून कधी सांगितली नाही. आम्हीच जोडीत आहोत.

आपल्या चळवळीने स्वतःची पत्रे का काढली, याचे उत्तर लोक अग्रलेखांत शोधतात. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढला. त्यांचेच चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली सुरू केलेला 'दीनमित्र' पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून वर्षानुवर्षे निघत राहिला. आम्ही म्हणतो, मागच्या पानासाठी काढली असे म्हटले तरी चालेल. कारण मागच्या पानावर कोणाला जागा मिळावी हेही कोणीतरी ठरवीतच असे. १९२० च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' निघायचा होता. त्याची जाहिरात, पैसे रोख देण्याची तयारी असतानाही, पुण्याच्या 'केसरी'ने छापण्याचे नाकारले. हे खुद्द डॉक्टरांनी पुढे आपल्या 'बहिष्कृत भारता'त लिहून ठेवले आहे. लेख नाकारला असता तर मतभेद म्हणून सोडून देता आले असते. पण ही पैसे मोजून घेतलेली जागा! केशवर्धक तेलाला जी मिळते तीही नाही. तुमचे पत्र निघते आहे एवढी बातमीसुद्धा आमच्या वाचकांना कळू देणार नाही, असा त्याचा अर्थ. आणि उलट बाजू पहा. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम प्रसिद्ध केला की, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात. तो राजाचा हुकूम खरा. पण आमच्यासारख्या मागच्या पानाच्या वाचकाला ती हिंदुस्थानातली सर्वांत मोठी 'पाहिजेत'ची जाहिरात वाटते.

आज काय स्थिती आहे? लिलावाच्या नोटिसा संपल्या नाहीत. २००२ च्या कायद्याखाली बँका तारण मिळकतीचा ताबा घेतात, तेव्हा दोन वर्तमानपत्रांत नोटीस द्यावी लागते व त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. घर, दुकान, गिरणी वगळलेली नाही. नोटिशीचे अक्षर मात्र १९३३ च्या अक्षरापेक्षा बारीक झाले आहे, आणि आता वाचता न येण्याचे कारण निरक्षरता हे नाही.

शेवटी वाचनालयाच्या चालकांना एक विनंती. माळ्यावरच्या फायली नव्याने बांधायला टाकणार असे ऐकतो. बांधणाऱ्याला सांगून ठेवा की मागची पाने कातरू नयेत. लिलावाच्या नोटिसा आम्ही वहीत उतरून घेत आहोत : गाव, सर्व्हे नंबर, ऋणकोचे नाव, तारीख. आजवर अकरा सालांच्या झाल्या आहेत. १९३१ चा गठ्ठा पावसाने चिकटला आहे, त्याची पाने सोडवायला हाताला हलका असा कोणी मुलगा किंवा मुलगी हवी आहे. पगार नाही, चहा मिळेल. वह्या ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना आपल्या गावचे पान पाहायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर पाहावे. दिवे साडेआठपर्यंत चालू राहतील.